सिंगापूरला मुलं घेऊन निघालेल्या मॅडमसाठी

मॅडम, झोप लागत नाही म्हणालात ना? पहिल्यांदा मुलांना घेऊन परदेशी निघालं की असंच होतं, आणि त्यात गोडीही असते. ती हुरहुर पासपोर्ट तपासण्यात घाला. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो आणि सिंगापूरला उतरताना त्याची मुदत किमान 6 महिने शिल्लक लागते. आजच एकेकाचं पान उघडून बघा. अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, पोचण्याआधीच्या 3 दिवसांत भरायचं; ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. च्युइंगम कुणाच्याच खिशात नको, तिथं न्यायला बंदी आहे. मुलांच्या आया कांदा-लसूण चटणी देणारच. तेलातली असेल तर केबिन बॅगेत ठेवू नका. आणि कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल, तर विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा.