मेंदू कसा पाहतो: सुरुवात इथून कर

नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हातून घरात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही ना? मेंदू कसा पाहतो याचा अभ्यास अशा स्वतःच्या अनुभवातूनच सुरू कर. नवखे आधी मेंदूच्या भागांची नावं पाठ करतात नि महिन्याभरात कंटाळतात.

आज एक प्रयोग कर. कागदावर फुली काढ, तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर संत्र्याच्या बीएवढा ठिपका. डावा डोळा मिट, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आण. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका गायब! दृष्टिपटलावर (डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर) ठिपक्याची प्रतिमा तेव्हा जिथे पडते, तिथूनच मेंदूकडे जाणारा मज्जातंतू बाहेर पडतो; तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पण भोक दिसत नाही. मेंदू ते भरून काढतो. मला आजही याचं नवल वाटतं.

दोन गैरसमज टाळ:
- डोळा म्हणजे कॅमेरा. नाही; १० कोटींहून जास्त पेशींची माहिती सुमारे १० लाख तंतूंतून जाते, म्हणजे छाटणी डोळ्यातच होते.
- डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला. नाही, दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू उजव्या मेंदूत जाते.

मग ह्यूबेल आणि वीझल वाच, १९८१ चे नोबेल मानकरी. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या अनेक पेशी ठरावीक कोनात तिरप्या रेघेलाच जोरदार प्रतिसाद देतात, हे त्यांनी दाखवलं. मेंदूतली रसायनं सध्या राहू दे. प्रयोगात ठिपका कुठे गायब झाला, ते मात्र कळव.