जत्रेच्या रात्री लॅपटॉप अडकला, तरी डिफेंडर उपटून टाकू नका

नमस्कार. वाळपईहून तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरचा पाच वर्षांचा लॅपटॉप, त्यात विंडोज ११ होम. बहिणीचा कॉलेजचा अभ्यास, वडिलांची बँक आणि विजेचं बिल, सगळं त्यावरच. त्याच लॅपटॉपवरून तुम्ही गावच्या मंडळाच्या नाटकाचं पार्श्वसंगीत वाजवता. यंदा जत्रेच्या रात्री दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून निघते, त्या प्रवेशाला सनई वाजायची होती. तुम्ही बटण दाबलं, पडद्यावर चक्र फिरत राहिलं, आणि सनई वाजली तोवर मुलगी विंगेत पोचली होती. टास्क मॅनेजर उघडून पाहिलंत तर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' सगळ्यात वर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाने 'डिफेंडर मुळातूनच उपट' म्हणत एक फाइल पाठवली. ती चालवायची का, आणि नाही तर डिफेंडर कायमचा बंद कसा करायचा, हा तुमचा प्रश्न.

ती फाइल चालवू नका. आत्ताच डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. का, ते पुढे सांगतो.

मी फोंड्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि नाटकांना ध्वनिसंयोजनही करतो. त्यामुळे तुमच्या जिवाचं त्या क्षणी काय झालं असेल ते मला कोणी समजावून सांगायला नको. पालखी देवळात गेल्यावर बारा-साडेबाराला पहिली घंटा होते. मंडपात म्हाताऱ्या बायका घोंगडी पांघरून बसलेल्या असतात, पोरं पुढे जमिनीवर. दोन महिने तालीम केलेली असते. अशा वेळी एक क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजवायचा आवाज, चुकला तर वर्षभर मनात राहतो. म्हणून तुमचा राग मी हलक्यात घेत नाही. पण तो नेमक्या जागी जायला हवा.

डिफेंडरची दोन कामं वेगवेगळी आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. पहिलं काम पहाऱ्याचं. तुम्ही एखादी फाइल उघडता, उतरवून घेता, पेनड्राइव्हवरून आणता, तेव्हा तो ती त्या क्षणी तपासतो. त्याला रियल-टाइम प्रोटेक्शन म्हणतात. दुसरं काम झाडाझडतीचं. ठरावीक काळाने तो लॅपटॉप स्वतःहून धुंडाळतो, तो शेड्यूल्ड स्कॅन. पार्श्वसंगीताच्या साध्या फाइलीवर एक नजर टाकायला पहारेकऱ्याला फारसा वेळ लागत नाही. पण झाडाझडती चालू असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि तुमची सनई रांगेत उभी राहते.

आता वेळ बघा. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री दोनची लावलेली असते. यंत्र चार्जरवर आहे, बराच वेळ कोणी कळ दाबलेली नाही, म्हणजे मालक झोपलाय, असं गृहीत धरून ती बाकी राहिलेली कामं उरकायला घेते. तिकडे आपल्या जत्रेच्या नाटकाचा दुसरा अंक नेमका त्याच सुमाराला रंगात येतो. तुम्ही हात बांधून पुढच्या क्यूची वाट बघत असता आणि लॅपटॉपला वाटतं घरात सामसूम आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, पडताळून पाहा. स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर शोधा. डावीकडे लायब्ररी, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असं उघडत जा. 'विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन' या ओळीत शेवटचं काम कधी झालं ते दिसेल. मधल्या काळात ते पुन्हा होऊन गेलं असेल, तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज डिफेंडरच्या 'ऑपरेशनल' नोंदींत जत्रेची तारीख काढा. नोंद क्रमांक १००० म्हणजे स्कॅन सुरू झाला, १००१ म्हणजे संपला. त्या दोन वेळांच्या मध्ये तुमचा दुसरा अंक बसतोय का बघा.

यात एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. रियल-टाइम प्रोटेक्शनचं बटण बंद केलं तरी शेड्यूल्ड स्कॅन चालूच राहतो. म्हणजे त्या रात्री तुम्ही ते बटण आधीच बंद करून बसला असतात, तरी सनई अडकायची ती अडकलीच असती, आणि वर पहाराही गेला असता.

मग करायचं काय? आधी देखभालीची वेळ बदला. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, त्यात ऑटोमॅटिक मेंटेनन्स. दोनच्या जागी तुमचा लॅपटॉप घरी चालू असतो अशी कुठलीही वेळ टाका, दुपारची जेवणानंतरची वामकुक्षीची वेळ उत्तम. मघाच्या शेड्यूल्ड स्कॅनच्या ओळीवर दोनदा क्लिक करून 'ट्रिगर्स'मध्ये रविवारी सकाळची वेळही देता येते.

त्यानंतर नाटकाच्या ध्वनीसाठी वेगळं फोल्डर करा. डी ड्राइव्हवर 'नाटक' नावाचं, आणि त्यात फक्त वाजवायच्या फाइली. मग विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लूजन्स. तिथे हे एक फोल्डर द्या. डिफेंडर मग त्यात डोकावणार नाही, आतल्या उपफोल्डरांतही नाही. ही सोय जितकी उपयोगी तितकीच जपून वापरायची. मी दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपांत अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये टाकलेला पाहिलाय, डाउनलोड्सचं फोल्डर तर कितीदा. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावायचं आणि परसदार सताड उघडं ठेवायचं. पेनड्राइव्हचं अक्षरही तिथे कधी घालू नका. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांचे शॉर्टकट झालेले तुम्हीही पाहिले असतील. दिग्दर्शकाने आयत्या वेळी पेनड्राइव्हवर नवा आवाज आणून दिला, तर आधी त्यावर उजवं क्लिक करून डिफेंडरने तपासा, मग 'नाटक'मध्ये उतरवा. थेट पेनड्राइव्हवरून वाजवू तर नकाच.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी फुल स्कॅन करून घ्या, लॅपटॉप दिवसभर चालू ठेवावा लागला तरी चालेल. विंडोज अपडेट एका आठवड्यासाठी थांबवता येतं, ते थांबवा. मंडपात बसल्यावर एअरप्लेन मोड, सूचना बंद, झोपेची वेळ 'नेव्हर', आणि सगळे क्यू एकदा सुरुवातीचे दोन-दोन सेकंद वाजवून बघा. एवढं करून शांत वाटत नसेल तर त्या रात्रीपुरतं रियल-टाइम प्रोटेक्शन बंद करा, माझी हरकत नाही. इंटरनेट बंद आहे, बाहेरची पेनड्राइव्ह लागणार नाही, मग चार तासांत धोका नगण्य. हे बटण काही वेळाने किंवा रिस्टार्टनंतर आपोआप परत चालू होतं. ती रचना मुद्दाम तशी ठेवलेली आहे आणि मला ती पटते. आपण दमून घरी येतो, परत चालू करायचं कोणाच्या लक्षात राहतं?

आता तुमचं 'कायमचं'. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, आकडा बदलला तरी काही होत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. २०१९ मध्ये टॅम्पर प्रोटेक्शन आलं. बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमने परस्पर डिफेंडरच्या सेटिंग्जना हात लावला तर ते रोखतं. २०२० च्या ऑगस्टपासून तर तो रजिस्ट्रीतला जुना आकडा घरगुती विंडोजवर डिफेंडर जुमानतच नाही. ग्रुप पॉलिसी या विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीचा मार्ग होम आवृत्तीत मुळातच नाही. हे सगळं तुमची अडवणूक करायला केलेलं नाही. घुसखोर सॉफ्टवेअर आत आलं की पहिलं काम पहारेकऱ्याला झोपवण्याचं करतं, आणि त्यासाठी ते हीच दारं वापरत होतं.

सरळ मार्ग एकच आहे: दुसरा अँटिव्हायरस घाला. पुण्याच्या काटकर बंधूंची क्विक हील असो की आणखी कुठला, तो बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि त्याची मुदत संपून तो निकामी झाला की परत उभा राहतो. पण दुसऱ्याचीही झाडाझडती असतेच, तिचीही वेळ तुम्हाला लावावीच लागेल. तुमच्या अडचणीवर हा उपाय म्हणून मी सुचवणार नाही.

ज्यांना डिफेंडर म्हणजे फुकटचं दुय्यम काहीतरी वाटतं त्यांच्यासाठी एवढंच: २००६ साली तो आला तेव्हा खरोखरच फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडायचा. पूर्ण अँटिव्हायरस तो २०१२ च्या विंडोज ८ पासून झाला. त्या जुन्या काळातलं मत लोक अजून धरून बसलेत.

आणि आता ती पाठवलेली फाइल. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण ही जखम माझी आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात मला एक महागडं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर हवं होतं आणि पैसे नव्हते. एकाने क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी प्रत, दिली. सोबत सूचनांची फाइल होती, पहिली ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून याला व्हायरस समजतो. मी बंद केला. सॉफ्टवेअर बसलं, चाललंही. संध्याकाळी जेवून परत खोलीत आलो तर डेस्कटॉपवरचे आयकॉन पांढरे पडलेले. एका नाटकाच्या ध्वनीचं फोल्डर उघडलं. 'अंक पहिला पाऊस', 'अंक पहिला दार', 'अंक तिसरा घंटा', नावं जशीच्या तशी, फक्त प्रत्येकाच्या शेवटी चार अनोळखी इंग्रजी अक्षरं चिकटलेली. कुठलीच वाजेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती: फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिलेत तर ४९०. संगणकवाले या टोळीच्या प्रकाराला स्टॉप किंवा डिजेव्हीयू म्हणून ओळखतात, आणि तो पसरायचा तो मुख्यतः अशाच क्रॅकमधून.

पैसे दिले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने या प्रकारातल्या बऱ्याच जातींसाठी कुलूप उघडणारा मोफत प्रोग्रॅम काढला, तेव्हा आशा वाटली. माझ्या फाइली त्यात बसल्या नाहीत. त्या डिस्कवर अशा एका नटाचा आवाज होता, जो तोवर आमच्यात राहिला नव्हता. कला अकादमीच्या स्पर्धेसाठी तालमीत केलेलं रेकॉर्डिंग, दुसरी प्रत कुठेच नाही. त्याच्या घरच्यांनी ते मागितलं तेव्हा मला काय सांगावं कळेना.

म्हणून सांगतो, जे सॉफ्टवेअर बसण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' म्हणतं, त्याची ती मागणीच पुरेशी आहे. कधीकधी डिफेंडर चुकतो, हे खरं. एखाद्या छोट्या, प्रामाणिक प्रोग्रॅमलाही तो अडवतो. तेव्हा पहारा उठवायचा नाही. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त जाऊन त्याने काय नाव देऊन पकडलंय ते वाचा, तीच फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाका. तिथे सत्तरेक अँटिव्हायरस ती तपासतात. एक-दोघांनीच बोट दाखवलं आणि फाइल मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच आलेली असेल, तर त्या एका फाइलीला परवानगी द्या. वैयक्तिक कागदपत्रं मात्र तिथे चढवू नका, ती दुसऱ्यांच्या हाती लागू शकतात. ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी मोफत आहे आणि जत्रेच्या नाटकाला लागतं ते सगळं त्यात होतं. मी आज तेच वापरतो.

तुम्ही ती फाइल एकदा तरी चालवली असेल, तर स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही. तसं असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन करा. लॅपटॉप रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. ते होईपर्यंत वडिलांना त्यावर बँक उघडू देऊ नका. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणभर न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.

राहिली डिस्क. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' (जुनी फिरती डिस्क) लिहिलंय की 'एसएसडी' (न फिरणारी, वेगवान), बघा. एचडीडी असेल तर वर सांगितलेलं सगळं करूनही लॅपटॉप अधूनमधून दम टाकेल. मंडळाच्या फंडातून एक एसएसडी घ्या, नाटकासाठीच वापर आहे, कोणी नाही म्हणणार नाही. आणि 'नाटक' फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, तीही प्रत काढून झाल्यावर लॅपटॉपपासून सोडवून कपाटात ठेवलेली. लावून ठेवलेली प्रत फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्यांच्या हाती तशीच लागते.

इव्हेंट व्ह्यूअरमधली १००० आणि १००१ ची वेळ, आणि डिस्क कुठली ते इथे लिहा. वेळा जुळल्या नाहीत तर कारण दुसरं आहे, मग आपण चार्जर आणि उष्णतेकडून शोधायला लागू.