पीएफ मुलांचा, मग कर काकांना का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीत असतानाच गेला. वहिनी आधीच वारल्या होत्या, आमचे आईवडीलही नाहीत. पुतणी १५ वर्षांची, पुतण्या ११ चा. दोघं आता आमच्याकडे नाशिकला असतात. भावाचा पीएफ आणि त्यासोबतचा विमा मिळून ३८ लाख येतील. नॉमिनी मी आहे, लग्नाआधी त्याने माझं नाव लावलं होतं. पैसे माझ्या खात्यात घेऊन मुलांसाठी एफडी करावी म्हणतो. कर किती बसेल?

उत्तर : तसं करू नका.

पहिली गोष्ट, तुमचं नॉमिनेशन भावाच्या लग्नाबरोबरच संपलं. पीएफ योजनेत 'कुटुंब' म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. भाऊ त्यात बसत नाही. सभासदाला कुटुंब झालं की बाहेरच्या माणसाचं जुनं नाव आपोआप रद्द ठरतं. रक्कम दोन्ही मुलांची, निम्मी-निम्मी.

आता कराचं. मृत्यूनंतर वारसांना मिळणारा पीएफ करमुक्त, विम्याची रक्कमही करमुक्त. कर लागतो तो पुढे त्या पैशांवर मिळणाऱ्या व्याजावर. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाचं असं उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. पण हा नियम फक्त आईवडिलांपुरता आहे. काका कितीही माया करत असले तरी कायद्याच्या लेखी ते आईवडील नव्हेत, आणि इथे ते मुलांच्या फायद्याचंच आहे! आई आणि वडील दोघंही हयात नसल्यामुळे व्याज मुलांचं स्वतःचं उत्पन्न धरलं जाईल.

प्रत्येकाचे १९ लाख, त्यावर व्याज वर्षाला साधारण सव्वा लाख. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पहिल्या ४ लाखांवर करच नाही. म्हणजे कर शून्य. हीच एफडी तुमच्या नावावर केलीत, तर बँक टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) तुमच्या पॅनवर कापेल, व्याज तुमच्या पगारात मिसळलेलं दिसेल आणि 'हे माझं नाही' हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल. तेव्हा मुलांची पॅन कार्डं काढा, खाती आणि ठेवी त्यांच्याच नावाने. वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर जाणार असल्याने टीडीएस न कापण्याचं घोषणापत्र दरवर्षी बँकेत द्या.

अडचण आहे ती पालकत्वाची. पैसे थेट मुलांच्या खात्यात जात असतील तर पीएफ कार्यालयाने पालकत्वाचं प्रमाणपत्र मागू नये, असं ऑगस्ट २०२५ चं परिपत्रक आहे; ते बरोबर न्या. दहा वर्षांवरची मुलं स्वतः खातं चालवू शकतात, पण बँका त्यावर रकमेची मर्यादा घालतात. १९ लाखांची ठेव सांभाळायची तर जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करून घ्याच. काका हे नैसर्गिक पालक नसतात. न्यायालयाच्या हुकमाशिवाय मुलांच्या पैशाचे व्यवहार तुम्ही करू नयेत.

पीएफच्या दाव्यासोबत पेन्शनसाठीचा १०-डी फॉर्मही भरा. दोन्ही मुलांना अनाथ पेन्शन मिळते, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत. रक्कम फार नसते, म्हणून लोक ती सोडून देतात. तुम्ही सोडू नका.