रोगप्रतिकारक सफरचंद लावण्यापूर्वी
कोल्हापुरात सफरचंद लावण्याची तुमची हौस मला मनापासून आवडली. मात्र केवळ 'रोगप्रतिकारक' या शब्दावर विसंबून रोप घेऊ नका. १९७८ साली अमेरिकेत प्रसारित झालेल्या 'लिबर्टी' वाणात जपानी रानटी सफरचंदाकडून आलेले जनुक आहे, त्यामुळे स्कॅब या बुरशीजन्य रोगाचे मखमली, काळपट-हिरवे डाग त्याच्या पानांवर सहसा पडत नाहीत. परंतु त्याला फुलण्यासाठी थंडीचे शेकडो तास लागतात आणि ते आपल्याकडे मिळत नाहीत. त्यापेक्षा कमी थंडीत फुलणारे 'अण्णा' (Anna) हे वाण घ्या आणि परागीभवनासाठी 'डॉर्सेट गोल्डन' शेजारी लावा, मग ही दोन्ही स्कॅबला बळी पडू शकतात हे ध्यानात ठेवून पानांची खालची बाजूही नियमित तपासा. कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर ठेवा. पंचगंगेकाठची काळी जमीन असेल, तर उंच गादीवाफ्यावरच लागवड करा, कारण पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले की मुळे कुजतात.