कॅम्परसाठी पोर्टेबल टॉयलेट घेताय? भरलेली टाकी कोण उचलणार ते आधी ठरवा

गाडीचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करणाऱ्यांचे सगळ्यात जास्त मेसेज मला सोलर आणि बॅटरीबद्दल येतात, आणि सगळ्यात आडून आडून विचारलेले असतात ते टॉयलेटबद्दल. त्यात लाजायचं काहीच नाही, उलट घरच्या बायका आणि म्हातारी माणसं ट्रिपला येणार की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं. माझ्या फोर्स ट्रॅव्हलरमध्ये आत्तापर्यंत तीन प्रकारची टॉयलेटं बसवून वापरून झाली, त्या अनुभवावरून या वेळचे प्रश्न घेतोय. नवीन असाल तर एवढं लक्षात ठेवा: नेहमीच्या पोर्टेबलमध्ये वर सीट आणि फ्लशच्या पाण्याची टाकी असते, खाली क्लिप काढून वेगळी होणारी मैल्याची टाकी, आणि दोन्हींच्या मध्ये झडप. खालच्या टाकीत वास दाबायला केमिकल घालतात, म्हणून याला केमिकलवालं म्हणतात, आणि लिटरचा आकडा या खालच्या टाकीचा.

बाथरूमला जेमतेम अडीच बाय अडीच फूट जागा आहे. मी, मिसेस आणि आठ वर्षांची मुलगी. 10 लिटरवालं घ्यावं की 20 लिटरवालं? (नाशिक)

दादा, 20 च्या आसपासचं घ्या. पण का ते नीट समजून घ्या, कारण दुकानदार तुम्हाला "इतके फ्लश होतात" असा आकडा सांगेल आणि तो आकडा कागद वापरणाऱ्यांच्या हिशोबाचा असतो. आपण पाण्याने धुतो आणि ते पाणीसुद्धा त्याच टाकीत जाणार. समजा दिवसा तुम्ही पेट्रोल पंप, हॉटेल वगैरे वापरताय आणि गाडीतलं फक्त रात्री आणि सकाळी, तरी एका माणसाचं लघवी, फ्लश, धुण्याचं पाणी धरून अडीच लिटरच्या आसपास जातं. तिघांचे झाले 7-8 लिटर. म्हणजे 10 ची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळीच भरते आणि 21 ची अडीच दिवस पुरते.

थेटफोर्डचं पोर्टा पोटी 365 हे 21 लिटरवालं, उंची साधारण 41 सेमी. त्यांचंच 335 हे 10 लिटरवालं, उंची 31 सेमी. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी हीच मापं विचारा. 365 ची रुंदी 38 सेमीच्या आसपास आहे, तुमच्या 76 सेमीत ते बसतं, पण कोपऱ्यात सरकवू नका, भिंतीच्या मधोमध ठेवा नाहीतर एका बाजूचं कोपर कायम पत्र्याला घासणार. घ्यायच्या आधी घरी फरशीवर टेप लावून तेवढा चौकोन आखा, मध्ये स्टूल ठेवून बसून बघा, उठून बघा, पँट वर ओढून बघा. हे पाच मिनिटांचं काम कोणीच करत नाही.

आणि आता वजन. 21 लिटर म्हणजे 21 किलो, वर टाकीचं वजन वेगळं. पहिल्या ट्रिपला मी ती पूर्ण भरेपर्यंत थांबलो आणि मग मागच्या दारातून ती डचमळणारी टाकी एकट्याने उतरवताना मनगट असं मुरगळलं की पुढचे दोन आठवडे गिअर टाकताना कळ यायची. तेव्हापासून दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची हा नियम. टाकी वेगळी करायची क्लिप कुठल्या बाजूला आहे आणि तिथे तुमचा हात पोचतो का हेही बघून घ्या.

वडील 74 वर्षांचे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. छोटं पोर्टेबल चालेल का? (सांगली)

ताई, 31 सेमीवालं अजिबात नको, त्यावरून त्यांना उठताच येणार नाही. घरच्या कमोडची सीट साधारण 40 सेमीला असते, गुडघ्यावाल्यांना त्याहून थोडी उंच बरी पडते, म्हणून मोठं मॉडेल घ्या आणि खाली 5-7 सेमीचा मरीन प्लायचा ओटा करून त्यावर होल्ड-डाऊन प्लेटने, म्हणजे टॉयलेट खाली जखडून ठेवणाऱ्या पट्टीने, घट्ट बसवा. नुसतं ठेवलेलं टॉयलेट त्यांनी बाजूला भार दिला की सरकतं. उजव्या हाताला एक उभा दांडा लावा, पण तो पत्र्यात स्क्रू मारून नाही, आतल्या फ्रेमला बोल्ट करून. चालत्या गाडीत मात्र त्यांना जाऊ देऊ नका, गाडी थांबवा.

यूट्यूबवर सगळे कोकोपीटवाल्या (नारळाच्या काथ्याचा भुसा घातलेल्या) कंपोस्टिंग टॉयलेटचं कौतुक करतात, पाणी नाही, केमिकल नाही. आपल्याला चालेल? (ठाणे)

चालेल, पण धुण्याचं काय करणार ते आधी सांगा. या टॉयलेटची सगळी गंमत लघवी पुढे वेगळ्या कॅनमध्ये आणि मैला मागे कोरडा राहण्यात आहे. मागच्या डब्यात रोज अर्धा लिटर पाणी पडलं की कोकोपीटचा चिखल होतो आणि मग जो वास सुटतो त्यात झोपणं शक्य नाही. तामिळनाडूत मुसिरीला असेच वेगळं करणारे संडास बांधलेत, तिथे धुण्यासाठी तिसरी वेगळी जागाच ठेवली आहे, कारण आपल्याकडच्या माणसाची सवय लक्षात घेतली. अडीच फुटाच्या बाथरूममध्ये ती तिसरी जागा आणायची कुठून? शॉवर ट्रेमध्ये धुतलं तर ते पाणी ग्रे वॉटर, म्हणजे नुसतं अंघोळी-भांड्यांचं सांडपाणी, राहत नाही, ते मैलापाणीच झालं आणि मग ते रस्त्याकडेला सोडता येत नाही. घरात सगळे कागद वापरायला तयार असतील तरच घ्या.

अजून एक, कंपोस्टिंग हे नावच फसवं आहे. गाडीत आठवड्याभरात खत होत नाही, फक्त वाळतं. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे ते भाजीच्या कुंडीत घालायचं नाही.

मग केमिकलवाल्यात धुवायचं कसं? जेट लावू का? (वरच्यांचाच पुढचा प्रश्न)

जेट नका लावू. हात दाबला की किती पाणी गेलं कळत नाही, मी मोजलं तेव्हा एका वेळेला दीड लिटर गेलेलं. दाबायची बाटली मिळते, 400 मिलीची, तेवढ्यात व्यवस्थित होतं.

टाकी रिकामी कुठे करायची? आम्ही पुण्याहून कोकणमार्गे गोव्याला जाणार आहोत. (पुणे)

हा प्रश्न सगळ्यांनी खरेदीच्या आधी विचारायला हवा. आपल्याकडे डंप स्टेशन, म्हणजे कॅम्परची मैल्याची टाकी रिकामी करायची ठरलेली जागा, जवळजवळ नाहीतच. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं तरी रस्त्यावर अजून आपली सोय आपणच बघायची आहे. सोपा मार्ग म्हणजे मुक्कामाच्या लॉजचा किंवा होमस्टेचा संडास. मालकाला आधी स्पष्ट विचारायचं, पैसे द्यायचे, सकाळी लवकर हळूहळू ओतायचं, वरून दोन बादल्या पाणी, आणि भांडं आपण घासून बाहेर यायचं.

कोकणात दोन गोष्टी सांभाळा. तिथे घरोघरी सेप्टिक टँक, त्यामुळे फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल नको, त्याने टँकमधले जिवाणूच मरतात. सेप्टिकला चालणारं, जैविक असं लिहिलेलं घ्या. आणि बीचच्या मागे किंवा सड्यावर खड्डा करून ओतायचं तर मनातही आणू नका. जांभा दगड पाणी झिरपू देतो, आणि खाली कोणाची तरी विहीर असते जिचं पाणी घरातली पोरं पितात.

आणि एक कळकळीने सांगतो, लॉजवरच्या पोराला शंभर रुपये देऊन टाकी त्याच्याकडून रिकामी करवून घेऊ नका. तुम्ही कणकवलीवरून जाणार, तिथे गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांचा गोपुरी आश्रम आहे. भंगीकाम मला स्वतः करू द्या म्हणून या माणसाने 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपास केला होता, आणि पुढे माणसाला हाताने मैला उचलावा लागू नये असे संडास तयार करण्यात किती वर्षं घातली. त्याच रस्त्याने जाताना आपला मैला दुसऱ्याच्या हातात देणं मला पटत नाही. हातमोजे घाला आणि आपली टाकी आपण धुवा.

एप्रिलमध्ये उभ्या गाडीत भयंकर वास येतो, काय करू? (नागपूर)

बहुतेक वेळा टाकीच्या झडपेचा रबरी सील सुकलेला असतो. त्याला सिलिकॉनचं वंगण लावा, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. हार्पिक आणि ब्लीच टाकीत घालू नका, दोन्हींनी सील खराब होतो आणि दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो, बंद गाडीत ते जिवावर बेतेल. वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड टाकीत नाही, वेगळ्या पिशवीत. आणि नागपूरच्या उन्हात भरलेली टाकी गाडीत ठेवून जाऊच नका.

जूनमध्ये मनाली-लेह करतोय. काही वेगळी काळजी? (कोल्हापूर)

हो. मनालीत बंद केलेली टाकी वर जाईल तशी आतून फुगते, चिप्सचं पाकीट फुगतं तशीच. या रस्त्यावरची तांगलांग ला खिंड 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. झाकण उघडं ठेवून झडप ओढलीत तर आतलं अंगावर उडतं, म्हणून आधी झाकण लावा, मग झडप थोडीशी उघडा, दाब जाऊ द्या, आणि मगच वापरा.

पँगाँगला रात्री पाणी गोठू शकतं, तिथे वरची फ्लशची टाकी रिकामी ठेवून मगाने पाणी घाला. गाडीचं कूलंट त्यात ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते विष आहे. आणि लडाखी घरांत कोरडे संडास असतात, वरून माती आणि राख टाकायची, खालचं खत शेतात जातं. तुमचं केमिकलवालं पाणी त्यात कधीच ओतू नका, त्यांचं वर्षाचं खत वाया जाईल. लेहला पोचल्यावर सेप्टिक टँकवालं हॉटेल शोधा आणि तिथे विचारून रिकामी करा.