वाशिष्ठी नदीत पहिल्यांदाच मगरी बघायला येताय?

चिपळूणला मित्रांसोबत येताय ना, मस्तच, फक्त हॉटेल बुक करायच्या आधी सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघा. नवीन लोक इथेच चुकतात. भरतीला गेलात तर नुसतं पाणीच दिसतं, सुकतीला काठाचा चिखल उघडा पडतो आणि मगरी त्यावर ऊन खायला येतात, आधी ओंडकाच वाटतो, मग दिसतं की तोंड वासून पडलीय आणि पाठीवर चिखल सुकलाय. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या दाभोळची वेळ धरू नका, खाडीत आत पाणी उशिरा फिरतं, बोटवाल्या दादांनाच फोन करून विचारा. थंडीतली सकाळ बेस्ट.

बोटीत एवढंच सांभाळा:
- लाइफ जॅकेट घालायचंच, पट्टे आवळून. मांडीवर ठेवून फोटो काढणारे बघितले की मला खरंच भीती वाटते.
- हात पाण्यात नको, कितीही शांत वाटलं तरी.
- मगर दिसली की सगळे एका बाजूला उठतात आणि बोट कलते. बसूनच बघा, आरडाओरडा केलात तर ती सरळ पाण्यात.

कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बोलू, आत्ता टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, बास.