पिशवी काढण्याआधी विचारायचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गर्भाशयातील गाठींविषयी, म्हणजे सोनोग्राफीच्या अहवालात ज्यांना ‘फायब्रॉइड’ म्हटलेले असते त्यांच्याविषयी आहेत. त्यांतील तीन पत्रे, लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, पण त्यातला प्रश्न एकट्या त्या ताईंचा नाही.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझे वय ४३ आहे. मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबडच्या एका कारखान्यात जुळणीच्या कामावर आहे. आठ तास उभ्याने काम असते. गेली दोन वर्षे पाळीत अंगावरून फार जाते. पाळी नऊ दिवस चालते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दीड तासात पॅड भिजते आणि गुठळ्या पडतात. नेहमीच्या डॉक्टरांनी दोन वर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ‘या वयात असे चालायचेच’ असे सांगितले. सासूबाईंचेही तेच म्हणणे आहे. मागच्या महिन्यात कामावर चक्कर येऊन पडले, तेव्हा हिमोग्लोबिन ७.४ निघाले आणि सोनोग्राफीत दोन गाठी दिसल्या. एक ५.२ सेंटिमीटरची, भिंतीतली, आणि दुसरी २ सेंटिमीटरची, आतल्या पोकळीत आलेली. आता दुसरे डॉक्टर म्हणतात की मुले झाली आहेत, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. त्यांनी पुढच्या आठवड्याची तारीखही दिली आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत आधी दोन वर्षे कोणी काही ऐकून घेतले नाही आणि नंतर आठ दिवसांत सगळे ठरवून टाकले. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिसतात, पण दोन्हींमध्ये उणीव एकच आहे. तुमचे महिन्यातले ते नऊ दिवस कसे जातात आणि तुम्हाला त्यातून काय हवे आहे, हे दोन्ही वेळा तुम्हाला विचारलेच गेले नाही.

आधी कॅन्सरची भीती बाजूला ठेवू. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची साधी वाढ. वयाच्या पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशा लहानमोठ्या गाठी तयार झालेल्या असतात आणि त्यांतल्या अनेकींना त्यांचा पत्ताही नसतो. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर हा वेगळा आणि अत्यंत विरळ आजार आहे. साध्या गाठीचे रूपांतर होऊन तो होतो, असे आजचे वैद्यकीय ज्ञान मानत नाही. त्यामुळे ‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊ शकत नाही. मात्र पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा गाठ वाढू लागली, तर ते कधीही दुर्लक्षिण्यासारखे नसते. तसेच वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, किंवा त्याआधीही रक्तस्राव अनियमित असेल आणि औषधांना दाद देत नसेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा लहानसा नमुना तपासणे आवश्यक असते. तुमच्या बाबतीत ही तपासणी करायची का, हा प्रश्न शस्त्रक्रियेची तारीख घेण्याच्या आधी विचारायला हवा.

तुमची आजची खरी तातडी गाठीची नसून रक्ताची आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आणि ८ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की डॉक्टरांनाही त्याची सवय होते, आणि जिना चढताना दम लागणे, छातीत धडधडणे, केस गळणे, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे या खुणा ‘बायकांची तब्येत अशीच’ या सदरात जाऊन पडतात. तुम्हाला दोन वर्षे लोह दिले गेले, पण ते का कमी होत आहे याकडे पाहिले गेले नाही. तळाला भोक पडलेल्या माठात पाणी ओतत राहावे, तसे ते झाले. इतक्या कमी हिमोग्लोबिनवर, जिवाला धोका नसताना, आठ दिवसांत मोठी शस्त्रक्रिया करण्याची घाई नको. शिरेतून लोह दिले तर काही आठवड्यांत चांगला फरक पडतो. गोळ्या चालू असतील तर त्या जेवणाच्या तासभर आधी लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात आणि चहा-दूध त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवावे. आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेण्याची पद्धत आहे आणि त्या चहामुळे निम्मे औषध वाया जाते. एक सूचना मात्र नीट लक्षात ठेवा. लागोपाठ काही तास दर तासाला पॅड भिजू लागले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत धडधड होऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात रात्रीही जाता येते.

आता गाठींविषयी. गाठ किती सेंटिमीटरची आहे यापेक्षा ती कोठे आहे याला अधिक महत्त्व असते. बाहेरच्या अंगाची मोठी गाठ लघवीच्या पिशवीवर दाब देईल, वारंवार लघवीला लावील, पण रक्तस्राव कदाचित वाढवणारही नाही. याउलट पोकळीत आलेली सुपारीएवढी गाठ बाईला अक्षरशः पांढरीफटक करते. अहवाल वाचून तुम्हाला ५.२ ची भीती वाटली असणार, पण माझे लक्ष त्या २ सेंटिमीटरच्या गाठीकडे जाते. अशी गाठ पोटावर छेद न घेता, योनीमार्गातून दुर्बीण घालून काढता येण्याजोगी असते. ती तशी काढता येईल का, हा तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न आहे.

याशिवाय आणखी मार्ग आहेत. ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात आणि त्यांनी रक्तस्राव बराच कमी होतो. ज्यांना पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली आहे त्यांना त्या देत नाहीत. संप्रेरक सोडणारे साधन गर्भाशयात बसवले तर ते काही वर्षे काम करते, मात्र पोकळीत गाठ असेल तर ते निसटून बाहेर येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तुमच्या बाबतीत आधी गाठीचा निकाल लावावा लागेल. गाठींचा रक्तपुरवठा मनगटाच्या किंवा जांघेच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन बंद करण्याची पद्धतही आहे. पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९५ मध्ये फायब्रॉइडवरील तिचा वापर प्रथम प्रसिद्ध केला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिचा उल्लेख केला नाही, तर तुम्ही करा. पाळी जाण्याचे वय जवळ आले असेल, तर औषधांवर तेवढा काळ निभावून नेणे हाही एक विचारपूर्वक मार्ग असतो, कारण पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात.

मी गर्भाशय काढण्याच्या विरोधात आहे, असा याचा अर्थ कृपया काढू नका. गाठी पुष्कळ आणि मोठ्या आहेत, बाकीचे उपाय झाले आहेत किंवा नको आहेत, आणि बाईने सगळे समजून घेऊन हा मार्ग निवडला आहे, अशा वेळी ही शस्त्रक्रिया तिला तिचे आयुष्य परत देते. मात्र ‘मुले झाली, आता पिशवीचा काय उपयोग’ हे वैद्यकीय कारण नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो याच वाक्याच्या आधाराने झालेल्या शस्त्रक्रियांचा होता. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांनी स्वीकारावीत असा आदेश दिला. शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर बीजांडे (अंडाशय) ठेवणार की काढणार हे स्वच्छ शब्दांत विचारा. तुमच्या वयात निरोगी बीजांडे काढली की पाळी बंद होण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात आणि हाडे व हृदय या दोहोंना त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांनी द्यायला हवेत, हा वैद्यकीय आचारसंहितेचाच नियम आहे. त्यासाठी कोणाची परवानगी मागण्याची किंवा आधीच्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून संकोचण्याची गरज नाही.

आणि जाताना वही घेऊन जा. एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असताना मी स्वतः कित्येक बायकांच्या कागदावर ‘रक्तस्राव जास्त, लोह द्यावे’ एवढी एक ओळ लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारली आहे, आणि त्याची टोचणी आजही आहे. पुढे एकदा पंचवटीतल्या एक बाई मुलाच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान घेऊन आल्या. पेन्सिलीने तारखा घातल्या होत्या, प्रत्येक पॅडला एक उभी रेघ, रात्री उठावे लागले की रेघेवर टिंब, गुठळी पडली की गोल, आणि गोलाशेजारी ‘बोराएवढी’, ‘लिंबाएवढी’ असे लिहिलेले. दुसऱ्या दिवसाच्या पुढे अकरा रेघा होत्या. ‘खूप त्रास होतो’ हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकत होते, पण त्या अकरा रेघांवरून मला नजर काढता आली नाही. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे टपरीवरच्या चहाच्या लहान पेल्याएवढे रक्त गेले तर ते जास्त, अशी जुनी व्याख्या आहे, पण ते मोजत कोणी बसत नाही. आज ज्या रक्तस्रावामुळे बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येतो तो जास्त, असे मानले जाते. म्हणून कामावरच्या किती रजा गेल्या, घराबाहेर पडताना काळ्या रंगाचाच ड्रेस का घालावा लागतो, दुचाकीवर मागे बसायची भीती का वाटते, हेही लिहा. हे रडगाणे नव्हे, ही आजाराची लक्षणे आहेत.

प्रश्न : माझे वय २९ असून लग्नाचे पाहत आहेत. पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला ३ सेंटिमीटरची गाठ निघाली. पाळीचा मला काही त्रास नाही. आईने कोणाला सांगू नको म्हणून बजावले आहे आणि गाठ विरघळवणारी पूड आणून दिली आहे. मला मूल होईल ना?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : गाठी असलेल्या बहुतेक स्त्रियांना दिवस राहतात आणि बाळंतपणही नीट होते. गर्भधारणेला अडथळा येतो तो प्रामुख्याने पोकळीत आलेल्या गाठीमुळे, आणि तुमची गाठ बाहेरच्या अंगाला आहे. तिला आज कोणत्याही उपचाराची गरज नाही. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करून आकार पाहावा, एवढे पुरे. पुढे गरोदरपणात क्वचित मधल्या महिन्यांत गाठीत कळा येतात, तेव्हा घाबरून न जाता डॉक्टरांना गाठीची माहिती द्यावी; विश्रांती आणि वेदनाशामक औषधाने त्या सहसा थांबतात. गाठ विरघळवते असे सिद्ध झालेली कोणतीही पूड नाही, आणि ज्या पुडीवर आत काय आहे हेही लिहिलेले नसते ती पोटात घेऊ नका. आईंचा धाक मी समजू शकते, कारण मुलीच्या गर्भाशयाविषयी एक शब्द बाहेर गेला की स्थळे परत जातात, हे त्यांनी पाहिलेले असणार. पण जोडीदाराला हे लग्नाआधी तुम्हीच, अहवाल हातात घेऊन सांगावे, असे मला वाटते.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. पत्नी, वय ३८, मजुरांबरोबर विरळणीला दिवसभर उभी असते. तिलाही गाठी आहेत, पण ती दुखणे अंगावर काढते. नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायचे म्हणून दरवर्षी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते आणि नंतर तिला फार जाते. दवाखान्याचे नाव काढले की चिडते. मी काय करू?

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. या गोळ्या एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर बहुतेकींना अपाय होत नाही, पण ज्यांना आधीच जास्त जाते त्यांनी दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. गोळ्या थांबल्या की साठलेले अस्तर एकदम सुटते आणि तुम्ही म्हणता तसा रक्तस्राव होतो. तिच्या चिडण्यामागे बहुधा जुना अनुभव असेल. कोणीतरी कधीतरी तिला झटकले असेल, किंवा दवाखान्यात गेले की पिशवीच काढतील अशी धास्ती असेल. तेव्हा ‘चल दवाखान्यात’ असे म्हणण्याआधी तिला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. बागेत आडोशाला पाण्यासह स्वच्छतागृहाची सोय नसेल तर ती या हंगामाच्या आधी करा. कामावरच्या साऱ्याच बायका दिवसभर पाणी न पिता आणि कापड न बदलता उभ्या असतात, त्यांनाही तिचा उपयोग होईल. पहिली पायरी म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एवढीच रक्ततपासणी करून घ्या, त्याला ती तयार होईल. पुढे डॉक्टरांकडे जाताना जुने अहवाल, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि पाळीच्या तारखा मांडलेले कालनिर्णय बरोबर न्या. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी तिच्याविषयीचा प्रश्न तुमच्याकडे पाहून विचारला, तर तुम्ही तिच्याकडे पाहा आणि उत्तर तिला देऊ द्या.